सुनंदाच्या माहेरची संक्रांत

नाशिकला येणारी माणसं पंचवटी आणि त्र्यंबक करून परत जातात. येवल्याची संक्रांत बघायला बाहेरगावाहून मुद्दाम कोणी येत नाही. मीही गेले नसते. पण आमच्या समोरच्या सुनंदाचं माहेर विंचूरजवळचं आणि तिचे काका येवल्यात. त्या जानेवारीत एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात आमच्या दोघींच्या नवऱ्यांच्या युनिटचं मोठं दुरुस्तीचं काम निघालं होतं, त्यामुळे ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत. सुनंदा म्हणाली, "इथं बसून राख झटकण्यापेक्षा चल माझ्या माहेरी. भोगी मळ्यात करू, संक्रांत आणि कर येवल्यात." मी लगेच हो म्हटलं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, आणि मला एकलहऱ्याच्या कॉलनीत येऊन तोवर इतका काळ झाला होता की वाळत घातलेले कपडे राख झटकून घडी करायचे, हे मी कुठंही गेले तरी विसरत नसे.

आमची मैत्री मुलांमुळे झालेली. कॉलनीत अशा मैत्र्या पुष्कळ होत्या. एकीनं सगळ्या पोरांवर लक्ष ठेवायचं, तेवढ्यात दुसरीनं दळण आणायचं किंवा डोक्यावरून पाणी घ्यायचं. माझी मुग्धा तेव्हा बालवर्गातून पहिलीत जायच्या बेतात होती, निनाद नुकता नीट बोलायला लागला होता. सुनंदाचा केतन दोघांच्या मधला. तो बोलत नव्हता. "आ", "बा" असे आवाज काढायचा, हवं ते बोटानं दाखवायचा, आणि दाखवून मिळालं नाही तर आडवा पडायचा. त्याचे वडील उशिरा बोलले होते, असं सुनंदाच्या सासूबाई सांगत. त्यामुळे त्याचीही वाट पाहणं चालू होतं.

विंचूर

नाशिकरोडहून पॅसेंजरनं लासलगाव, आणि तिथून सुनंदाच्या भावाच्या जीपनं मळा. वाटेत निनादनं माझ्या नव्या साडीवर खाल्लेली द्राक्षं ओकली, एवढं सोडलं तर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

माझं माहेर चिपळूणचं. आमच्याकडे घर म्हणजे उतारावर, झाडांच्या आड लपलेलं. इथं मळ्यातलं घर सपाट जमिनीवर उघडं उभं, आणि चारी बाजूंना नजर पोचेल तिथपर्यंत कांदा. काही वावरांत लाल कांदा काढायचं चालू होतं, तर शेजारच्याच वावरात बायका ओळीनं वाकून उन्हाळ कांद्याची रोपं लावत होत्या. एकच पीक एका बाजूला संपतंय आणि दुसऱ्या बाजूला सुरू होतंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. हवेला कांद्याचा वास होता. संध्याकाळपर्यंत तो आमच्या केसांना लागला आणि मग जाणवेनासा झाला.

सुनंदाची आई ठेंगणी, ठसठशीत कुंकू लावणारी बाई. तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडं भोगीला काय करत्यात?"

मी म्हटलं, "आमच्याकडे भोगीचं एवढं नसतं, मावशी."

"नसतं?" ती सुनंदाकडे वळली. "मग खातात काय गं ही माणसं?"

भोगीच्या दिवशी तिनं आम्हाला चिपळूणचं काय चुकतं ते दाखवलं. वांगी, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे सोलाणे, बोरं, सगळं एका भाजीत, तिळाच्या कुटात शिजवलेलं. वर तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि तिच्यावर लोण्याचा गोळा. भाजीत बोर ही कल्पना मला आधी पटली नव्हती. दुसऱ्यांदा वाढून घेतल्यावर पटली.

पण जेवण दुपारचं. सकाळी सुनंदाचा भाऊ रामदास कांद्याची ट्रॉली घेऊन विंचूरच्या बाजारात निघाला होता. मला लिलाव बघायचा होता, म्हणून आम्ही सगळेच ट्रॅक्टरवर चढलो. बाजाराच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या होत्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरकायचा, कोणी मूठभर कांदे उचलून दाबून बघायचा, लिलाव पुकारणारा एका दमात काहीतरी म्हणायचा आणि घोळका पुढं जायचा. मला काही कळायच्या आत रामदासचा कांदा विकला गेला होता.

तेवढ्यात मागं हॉर्न वाजायला लागला. एक रिकामा ट्रॅक्टर बाहेर पडायला बघत होता आणि त्याच्या वाटेत केतन उकिडवा बसून सांडलेले कांदे एका रेषेत मांडत होता. आमच्याकडे पाठ होती. हॉर्न थांबेना. लोक वळून बघायला लागले. रामदास ओरडला, "केतन! ए केतन! ऊठ!" आवारातली सगळी डोकी त्या आवाजाकडे वळली. केतननं आणखी एक कांदा रेषेत ठेवला.

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. रामदासनं धावत जाऊन केतनला मागून उचललं, आणि तेव्हा मात्र ते पोर असं किंचाळलं की हॉर्नही बरा.

ड्रायव्हर खाली उतरला. घाबरला होता, म्हणून चिडला होता. "ताई, पोराला धरा ना! एवढा हॉर्न मारून राह्यलो, ते हालंना!"

"हट्टी आहे फार," सुनंदा म्हणाली. "खेळात लागला की जगाचं भान नसतं त्याला."

हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. मीही निनादबद्दल असंच म्हणायची. पण केतनचा चेहरा मी पाहिला होता. हट्टी मुलाचा चेहरा मला घरचा ओळखीचा आहे, तो असा नसतो. पाठीमागं कोणीच नाही अशी खात्री असताना अचानक कोणीतरी उचलावं, तसा तो दचकला होता.

दुपारी जेवायच्या वेळी मी मुग्धाला पाठवलं, "जा, दोघांना हाक मार." निनाद आणि केतन वावराच्या पलीकडच्या कडेला मातीत खेळत होते. मुग्धानं बांधावरूनच निनादला हाक मारली. तो धावत आला. मग ती स्वतः नुकत्या भिजवलेल्या वाफ्यांतून, चपला हातात घेऊन, लांबचा वळसा घालून केतनच्या पुढं जाऊन उभी राहिली. त्यानं वर पाहिलं. तिनं तोंडात घास घातल्याची खूण केली. दोघं हात धरून आले. मुग्धाचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरले होते.

मी ओरडले, "बांधावरून हाक मारता येत नव्हती?"

"केतनला मागून हाक मारून येत नाही," ती म्हणाली. "त्याच्या पुढंच जावं लागतं."

"तुला कुणी सांगितलं?"

तिनं जरा विचार केला. "कुणी नाही. त्याचं तसंच असतं."

सुनंदा चुलीपाशी भाकऱ्या मोजत होती, तिनं हे ऐकलं नाही. दाराशी बसलेल्या तिच्या आईनं ऐकलं असावं. ती सहाणेवर वेखंड उगाळत होती. ते मधात कालवून रोज सकाळ-संध्याकाळ केतनच्या जिभेवर चाटवायचं, म्हणजे वाचा फुटते, असं तिनं मला आल्या आल्याच सांगितलं होतं. मुग्धाचं बोलणं झाल्यावर तिचा हात थांबला आणि मग पुन्हा फिरायला लागला.

मी त्या दिवशी सुनंदाला काही बोलले नाही. बाई माहेरी आलेली, भावाशी हसतेय, आईच्या हातचं खातेय. तिला काय सांगायचं? आणि मला तरी काय ठाऊक होतं? एका हॉर्नवरून आणि एका पोरीच्या बोलण्यावरून? रात्री अंथरुणावर पडल्यावर मी असा बराच युक्तिवाद केला.

येवला

येवल्यात संक्रांत जमिनीवर होत नाही, गच्चीवर होते. हे ऐकून माहीत होतं, तरी सुनंदा आणि तिच्या आईमागोमाग काकांच्या घराचा अरुंद जिना चढून वर आल्यावर मी बघतच राहिले. आख्खं गाव छपरांवर आलेलं. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली, सुना ताटं घेऊन वर-खाली करतायत, आणि आभाळात एवढे पतंग की मध्ये कावळ्याला जागा नाही. मांजा गुंडाळायला इथं आसारी वापरतात, म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी फिरकी. ती मांडीवर अशी काही फिरवतात की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. पतंग कापला की "वकाट!" अशी आरोळी उठते, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाते. चिपळूणला संक्रांत म्हणजे हळदीकुंकू, वाण आणि हळू आवाजातल्या गप्पा. इथं काकूंनी मला तिळगूळ दिला तोही ओरडून, कारण शेजारच्या गच्चीवर हलगी वाजत होती.

मग आमच्याही गच्चीवर हलगीवाला आला. गळ्यात हलगी अडकवलेला मध्यम वयाचा माणूस, कपाळाला घाम. त्यानं काठी मारली आणि निनाद माझ्या पदरात शिरला. मुग्धानं दोन्ही कानांवर हात ठेवले. काकांची नातवंडं लांब पळाली. केतन मात्र सरळ त्याच्याकडे चालत गेला आणि आपला तळहात त्यानं हलगीच्या कातड्यावर ठेवला.

हलगीवाला थांबला, हसला. "काय, वाजवतो का?" केतननं हात काढला नाही. हलगीवाल्यानं मग हलकेच, त्याच्या हाताला लागणार नाही अशा बेतानं वाजवायला सुरुवात केली. केतनचे डोळे मोठे झाले. त्यानं दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि तो हसायला लागला. मी त्याला इतका वेळ हसताना कधी पाहिलं नव्हतं.

सुनंदा माझ्या शेजारी उभी होती. ती जवळजवळ ओरडूनच म्हणाली, "बघ, कसं आवडतं त्याला वाजवणं! आता याला ऐकू येत नाही असं कोण म्हणेल?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"तसं कुणी म्हटलंय का, सुनंदा?"

हलगी वाजत राहिली. तिनं आभाळाकडे पाहिलं, पतंग बघत असल्यासारखं, आणि मग वळून जिना उतरून खाली गेली.

मी मुलांना काकूंच्या ताब्यात दिलं आणि मागोमाग गेले. ती स्वयंपाकघरात, तिळगुळाच्या परातीसमोर बसली होती. मी शेजारी बसले. खालीसुद्धा हलगीचा ठोका भिंतीतून येत होता.

"तुला काय म्हणायचंय ते म्हण," ती म्हणाली.

मी सांगितलं. बाजारातला त्याचा चेहरा, मुग्धाचं बोलणं. जेवढं पाहिलं तेवढंच.

"तुझी पोरं पोपटासारखी बोलतात, म्हणून तुला दुसऱ्याचं दिसतं."

मी उठले नाही, एवढंच केलं.

मग ती परातीकडे बघत बोलायला लागली. गेल्या दिवाळीपासून ती रोज दुपारी, मी झोपलेली असताना, कॉलनी शांत असताना, केतनच्या मागं जाऊन ताट वाजवून बघत होती. कधी कधी तो वळायचा. मग तिला हायसं वाटायचं. पण मग तिच्या लक्षात आलं की सावली पडली तर वळतो, लादीवर ताट पडलं तर वळतो. गादीवर उभं राहून, सावली न पाडता वाजवलं तर नाही.

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, वेड लागलंय तुला. त्याच्या एवढा असताना मीही बोलत नव्हतो. सासूबाई म्हणाल्या, आईच मुलाबद्दल असं अभद्र बोलायला लागली तर काय करायचं." तिनं पदरानं नाक पुसलं. "कुणी दुसऱ्यानं म्हणावं याची वाट बघत होते मी. आणि तू म्हटलंस तर तुलाच बोलले."

दारात तिची आई उभी होती. ती कधी खाली आली ते आम्हाला कळलं नाही.

"मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली. "वेखंड काय मी उगाच उगाळत व्हते? पर वेखंडानं जीभ सुटती. कानाचं काही नाय माझ्याकडं."

सुनंदानं आईकडे पाहिलं आणि मग ती रडली. मला वाटतं तिला ते बरं वाटलं. मी परात बाजूला सरकवली, कारण तिळगुळावर डोळ्यांतलं पाणी पडत होतं आणि वर गच्चीवर पोरं त्याची वाट बघत होती.

"उद्याच जाऊ," ती म्हणाली. "नाशिकला डॉक्टरकडे. तू येशील?"

"येईन."

"उद्या कर हाय," आई म्हणाली. संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी कोणी नवं काम काढत नाही, प्रवासाला निघत नाही. "करीला कुठं निघत्यात का गं? परवा जा."

"आई, चार वर्षं होत आली त्याला."

आईनं पुढं वाद घातला नाही. सकाळी आम्ही उठायच्या आत तिनं भाकऱ्या फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, आणि केतनच्या कपाळाला अंगारा लावताना ती त्याच्या पुढं गुडघ्यावर बसली होती.

नाशिक

मुग्धानं निघताना दंगा केला. करीला येवल्यात पतंग सगळ्यांत जास्त उडतात, असं तिला काकांच्या नातवंडांनी सांगितलं होतं. बसमध्ये ती माझ्याशी निफाडपर्यंत बोलली नाही. निनादनं या खेपेला सुनंदाच्या साडीवर उलटी केली. तिनं पाण्यानं पुसली आणि म्हणाली, "आता दोघी सारख्या." संक्रांतीच्या दुपारनंतर तिनं काढलेला तो पहिला विनोद.

डॉक्टर कॅनडा कॉर्नरजवळ बसायचे. वयस्कर, कमी बोलणारे. करीमुळे असेल, दवाखान्यात गर्दी नव्हती. त्यांनी केतनला आईच्या मांडीवर बसवलं, समोर लाकडी ठोकळे दिले आणि त्यांची सहायिका मागं जाऊन उभी राहिली. आधी खुळखुळा, मग घंटी, मग डबा. केतन ठोकळे रचत राहिला. मुग्धा माझ्या कानाशी कुजबुजली, "त्यांना सांग ना, पुढं यायला." मी तिचा हात दाबला.

शेवटी सहायिकेनं कानाच्या अगदी मागं झांज वाजवली. केतनचा हात ठोकळ्यावर थांबला. तो वळला नाही, पण थांबला.

डॉक्टर म्हणाले, "खूप कमी ऐकू येतं. अजिबात नाही असं नाही. बहुधा जन्मापासून. नक्की किती, ते कळायला मुंबईला तपासणी करावी लागेल. मग दोन्ही कानांना यंत्र."

"माझं काही चुकलं का?" सुनंदानं विचारलं. "पोटात असताना?"

"नाही."

"बोलेल?"

"आधी त्याला ऐकायला शिकवावं लागेल. मग बोलायला. वेळ लागेल. आणि बाई, दिवसभर तुम्हालाच बोलावं लागेल. त्याच्या तोंडासमोर तोंड धरून. कंटाळा आला तरी."

"कंटाळा नाही येणार," सुनंदा म्हणाली.

खाली रस्त्यावर आलो. मी रिक्षा बघत होते. वळून पाहिलं तर सुनंदानं केतनला कडेवरून खाली उतरवलं होतं, आणि फुटपाथवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत, उलटीचा डाग पडलेल्या साडीत ती त्याच्यासमोर बसली होती. "केतन," ती म्हणत होती, "आपण घरी जाऊ. घरी. बाबा." तो तिच्या ओठांकडे बघत होता. रिक्षावाला हॉर्न मारत होता. मी त्याला थांबायला सांगितलं.

एकलहरे

प्रवास इथं संपला, पण जे आमच्याबरोबर नव्हते त्यांना पुढं काय झालं ते विचारायचं असतं, म्हणून सांगते.

सुनंदाच्या नवऱ्यानं आठवडाभर अबोला धरला. तो तिच्याशीही आणि माझ्याशीही. मग एका दुपारी, ड्यूटीवरून आल्यावर, तो केतनच्या मागं उभा राहून हाका मारताना मला खिडकीतून दिसला. आधी हळू, मग मोठ्यानं, मग सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्यानंतर त्यानंच मुंबईची रजा टाकली.

यंत्र आलं. तेव्हाची यंत्रं मोठी असत. छातीवर पट्ट्यात बांधलेली डबी आणि कानांकडे जाणाऱ्या वायरी. कॉलनीतली पोरं पहिल्या दिवशी गोळा झाली, दुसऱ्या दिवशी पांगली. केतन ते काढून फेकायचा, सुनंदा पुन्हा लावायची. ती दिवसभर बोलायची. भाजी चिरताना, केर काढताना, त्याला आंघोळ घालताना. "हे वांगं. वांगं. जांभळं." आमच्या खिडक्या समोरासमोर असल्यानं मलाही सगळं पाठ झालं. महिने गेले, पाऊस येऊन गेला. तिचा घसा बसायचा, मग एक दिवस ती गप्प राहायची आणि मी जाऊन बोलायची. मी तिच्याएवढं चांगलं नाही बोलायची. केतन माझ्याकडे बघून सरळ जांभई द्यायचा.

थंडीचे दिवस सुरू झाले होते. सकाळी मी डबे भरत होते, आणि दार धाडकन उघडून सुनंदा आत आली. केस सुटलेले, हातात दुधाचा पेला, आणि तिच्या मागोमाग छातीवर डबी बांधलेला केतन.

"म्हणाला!" ती म्हणाली. "मेधा, म्हणाला तो!"

"काय म्हणाला?"

"नको म्हणाला! दूध दिलं तर मला म्हणाला, नको!"

मी केतनकडे पाहिलं. तो आईकडे बघत होता, फार रागानं, कारण पेला अजून तिच्या हातातच होता.

"नोको," तो म्हणाला.

आम्ही दोघी तिथंच फरशीवर बसलो. सुनंदानं पेला त्याच्यापुढं धरला. तिला ते आणखी एकदा ऐकायचं होतं. तो पुन्हा म्हणाला, आणि पेला तिसऱ्यांदा पुढं आला तेव्हा त्यानं आमच्याकडे पाठ फिरवली. ते दूध शेवटी निनादनं प्यायलं.